सगळ्यांना ठाऊक असलेली वर्डेल

मिसिसिपीच्या डेल्टात, रस्त्याच्या एका अंगाला कापूस आणि दुसऱ्या अंगाला माशांची तळी, अशा ठिकाणी आमचे कम्युनिटी कॉलेज उभे आहे. त्याच्या बुटक्या, विटांच्या इमारतीत वर्डेल पिकेट चौदा वर्षे गणित शिकवत होती. कोणते गणित? जे शाळेत हुकले ते. अपूर्णांक, शेकडेवारी, भागाकार. तिच्या बाकांवर पोरेटोरे कमीच. बसत ते ट्रक चालवणारे बाप, रात्रपाळी करून आलेल्या आया, पन्नाशीत नर्स व्हायला निघालेल्या बायका. त्यांच्या हातात पेन्सिल थरथरे आणि वर्डेल त्या थरथरीला कधी हसत नसे. शिवणाचा कारखाना बंद पडला तेव्हा एकोणतीस वर्षांची वर्डेल याच कॉलेजात, याच बाकावर येऊन बसली होती आणि तिचीही पेन्सिल अशीच थरथरली होती.

चौदा वर्षे झाली, पण नोकरी तासिकेची. प्रत्येक सत्राच्या तोंडाशी कळायचे, वर्ग आहे की नाही. गुडघा सुजला तर रजा नाही, दवाखान्याचा विमा नाही, बसायला स्वतःचे टेबल नाही. पुस्तके मोटारीच्या मागच्या सीटवर, आणि मन पुढच्या सत्राच्या काळजीत. त्या चौदा वर्षांत कायमची जागा तीनदा निघाली. तिसरी निघाली तेव्हा वर्डेल त्रेपन्न वर्षांची होती, आणि ही भरली की तिच्या हयातीत पुन्हा निघणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होते.

आमच्याकडे मुलाखतीचा नेम कडक आहे. एके काळी जागा भाच्यांना आणि जावयांना जात, म्हणून हा नेम आला, आणि तो चांगल्यासाठीच आला. समितीत पाच जण. प्रत्येक उमेदवाराला तेच सात प्रश्न, कागदावरून, शब्दही न बदलता. समितीने हसायचे नाही, मान डोलवायची नाही, ओळख दाखवायची नाही. कर्मचारी विभागातली एक बाई घड्याळ लावून कोपऱ्यात बसते. जे ओठांतून बाहेर पडेल त्याला गुण. जे नुसते ठाऊक आहे त्याला शून्य.

पहिल्या मुलाखतीला वर्डेल आत गेली, तो समोर रॉनेट साइक्स. जिच्यासोबत रोज दुपारचा डबा खायचा, जिने घरून आणलेल्या रताळ्याच्या गोड पाईची अर्धी फोड हक्काने उचलायची, ती रॉनेट तिच्याकडे अशी पाहत होती, जणू बसथांब्यावरची कोणी परकी बाई. रॉनेटने कागदावरून वाचले, आपल्या अध्यापनाच्या अनुभवाविषयी सांगा. वर्डेलला हसू आले. ती म्हणाली, "ते तर तुम्हाला ठाऊकच आहे." सातही प्रश्नांना तिने हेच उत्तर निरनिराळ्या शब्दांत दिले. चाळीस मिनिटांची मुलाखत तेरा मिनिटांत संपली. जागा जॉर्जियाहून आलेल्या एका तरुणाला मिळाली. मुलगा सालस होता. झेरॉक्सच्या कोणत्या यंत्रात कागद अडकतो, ते वर्डेलनेच त्याला दाखवले.

दुसऱ्या वेळी ती शहाणी होऊन गेली. पुष्कळ बोलली. पण जे बोलली ते सारे 'आम्ही'. आम्ही अभ्यासाची खोली सुरू केली, आम्ही पुस्तक बदलले, आम्ही नापास होणारे निम्म्यावर आणले. समितीच्या कागदावर त्या 'आम्ही'ला कोणते गुण द्यायचे, हे कोणालाच कळले नाही. जागा पुन्हा दुसऱ्याला गेली.

तिसऱ्या मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तिने हे सारे मदर ओझेलांना सांगितले. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांना आमच्याकडे मदर म्हणतात; मदर ओझेला म्हणजे पहिल्या बाकावरची पांढरी टोपी. वय शहाऐंशी, चाळीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली ढवळलेली, आणि आवाज अजून सबंध स्वयंपाकघरावर हुकूम चालवायचा. त्यांनी चर्चच्या जेवणाच्या खोलीत वर्डेलला खुर्चीवर बसवले, चष्मा चढवला, आणि समितीसारखा चेहरा दगडी करून प्रश्न विचारायला सुरुवात केली.

वर्डेल म्हणाली, "अभ्यासाची खोली आम्ही सुरू केली."

"आम्ही म्हणजे कोण गं? शनिवारी त्या खोलीत तुझ्याबरोबर आणखी कोण होतं? उंदीर?"

वर्डेल हसली. तिने खाली बघत सांगितले, की मी, मी म्हणताना जीभ जड होते. आईने लहानपणापासून शिकवले, आपली थोरवी आपण गाऊ नये. आणि त्या सगळ्यांना ठाऊक आहे, मदर. चौदा वर्षे त्यांच्या डोळ्यांसमोर आहे मी.

म्हातारीने चष्मा काढला. टेबलावर ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझं ऑपरेशन झालं तेव्हा रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, देवानं कसं तारलं ते सांगायला, उभी राहिलीस. सबंध चर्चला ठाऊक होतं. निम्म्या बायका तर दवाखान्यात जागल्या होत्या. तेव्हा 'तुम्हाला ठाऊकच आहे' म्हणून खाली बसलीस का? पोटात पहिली कळ कधी आली तिथपासून सांगितलंस. आम्ही रडलो ना?"

"रडलात."

"मग. देवानं केलं ते तू सांगतेस, आणि तुझ्या हातून करवलं ते लपवतेस? ही कुठली नम्रता, बाळ? समोरच्याला काही ठाऊक नाही असं समज. पहिल्यापासून सांग."

त्या आठवड्यात वर्डेल रोज तिथे बसली, तिने रोज सांगितले, आणि रोज त्या म्हाताऱ्या बोटाने टेबलावर टकटक केली, की हे वगळलेस, ते वगळलेस, मागे जा.

मुलाखतीच्या दिवशी तेच पाच दगडी चेहरे. आधी नमुना पाठ होता, समितीनेच विद्यार्थी व्हायचे. वर्डेलने पिशवीतून तीन कप मक्याचे पीठ आणि अर्ध्या कपाचे माप काढले. तिला दाखवायचे होते, की तीनला अर्ध्याने भागले तर उत्तर सहा, म्हणजे मोठे, कसे येते. समितीतल्या रॉनेटने नेमाप्रमाणे मुद्दाम चुकीचे उत्तर दिले. वर्डेलने 'चूक' म्हटले नाही. माप तिच्या हातात दिले आणि म्हणाली, "तूच मोज." रॉनेट मोजत गेली, सहाव्या मापाला पीठ संपले. पाठ उत्तम झाला. पण पाठ तिचा नेहमीच उत्तम होई. ती अडायची ती प्रश्नांपाशी.

तिसरा प्रश्न रॉनेटकडे होता. अडचणीत असलेल्या विद्यार्थ्याला आपण मदत केल्याचे एक उदाहरण सांगा.

'ते तर तुम्हाला' एवढे शब्द वर्डेलच्या जिभेवर आले. तिने ते गिळले. खुर्चीत सरळ बसली, हात मांडीवर ठेवले, आणि पहिल्यापासून सांगू लागली.

तिने सांगितले, की मासे सोलण्याच्या कारखान्यातल्या चार बाया सत्राच्या मध्यात वर्गात यायच्या बंद झाल्या, कारण त्यांची पाळी बदलली. मी फाटकावर जाऊन विचारले. त्यांना दुपारी बाराला अर्ध्या तासाची सुट्टी असे. तेव्हापासून दर मंगळवारी मी मोटार फाटकापाशी लावली. चौघी आत बसत, हातांना माशांचा वास, मांडीवर वही. मी पुढच्या सीटवरून वळून शिकवत असे. तीन वर्षे झाली, अजून जाते; एक तुकडी गेली की दुसरी येते. अकरा जणी पास झाल्या. त्यांतली एक आता जिल्हा रुग्णालयात नर्स आहे. हे मी केले.

आणि रॉनेट? रॉनेटने तीन वर्षे दर मंगळवारी तिला चिडवले होते, की मंगळवारी डबा सोडून पळतेस, कोणी मित्र गाठलायस, आम्हाला दाखव तरी. आता तिला मान हलवायची नव्हती, हसायचे नव्हते, डोळे पुसायचे नव्हते. ती पेन्सिल दातांखाली दाबून कागदावर लिहीत राहिली, आणि कागदाचा एक कोपरा भिजला. चौदा वर्षे एका टेबलावर जेवलेल्या बाईलाही जे ठाऊक नव्हते, ते त्या दिवशी तिला कळले.

घड्याळवाल्या बाईने वेळ झाल्याचे सांगितले तेव्हा वर्डेलचे सातवे उत्तर नुकते संपले होते.

पुढचे नऊ दिवस रॉनेट दुसऱ्या खोलीत जेवली. समितीचा तोही नेम. दहाव्या दिवशी वर्डेलला कॉलेजच्या अध्यक्षांचा फोन आला. त्याच दुपारी रॉनेट रताळ्याची अख्खी पाई घेऊन टेबलापाशी आली, समोर बसली आणि म्हणाली, "तर हा होता तुझा मंगळवारचा मित्र. पुढच्या मंगळवारी मी येते. माझी गाडी मोठी आहे."

रविवारी चर्चमध्ये साक्षीची वेळ आली. बातमी बुधवारीच घराघरांत पोहोचली होती. वर्डेल उभी राहिली, देवाला वंदन केले, आणि म्हणाली, की मला कायमची जागा मिळाली, ते आता सगळ्यांना ठाऊकच आहे. ती बसणार, तोच पहिल्या बाकावरून काठीचा आवाज आला.

"आम्हाला काही ठाऊक नाही," मदर ओझेला म्हणाल्या.

वर्डेल पुन्हा सरळ उभी राहिली. समोरच्या बाकाची कड धरली आणि शिवणाचा कारखाना बंद पडला, त्या सकाळपासून सुरुवात केली.