मला न दिसलेला जंत

"आमच्या भावजीले दोन खेपा पाहूनही जंत दिसला नाई. ते रजेवर गेले आन् नर्सबाईनं एकाच खेपेत काढला. म्हातारपन, दुसरं काय!"

मेडशीत कोणाचेही लग्न असो, पार्वतावहिनी हे सांगतात. भावजी म्हणजे मी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी निवृत्तीपर्यंत लॅब टेक्निशियन होतो. वहिनींच्या कथनात एकच गोष्ट खरी आहे: मी म्हातारा आहे.

त्यांची सून सविता. अंगात रक्त इतके कमी, की बसल्या जागेवरून उठताना भिंत धरावी लागे. लोहाच्या गोळ्या कित्येक महिने चालू होत्या, तरी हिमोग्लोबिन जागचे हलत नव्हते. डॉक्टरांना हुकवर्मचा संशय आला. दोऱ्याच्या तुकड्याएवढा हा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतो आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याची अंडी शौचाच्या नमुन्यात, मायक्रोस्कोपखाली दिसतात.

तिचा नवरा गजानन डबी घेऊन आला. मी स्लाइड केली, काच या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. रिपोर्ट: जंत नाहीत. दुसरी डबी आली. रिपोर्ट तोच.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. म्हणाले, "काका, चष्म्याचा नंबर तपासलाय का इतक्यात? जंत खरंच नसतील तर तिला अकोल्याला पाठवावं लागेल. हाडात सुई घालून मगज तपासतील."

"चष्मा ठीक आहे, साहेब. सॅम्पल तिचं नाही."

"हे कशावरून?"

"लोहाच्या गोळ्या खाणाऱ्याचा मैला काळपट होतो. दोन्ही डब्यांत पिवळा होता."

"मग गोळ्या खात नसेल ती."

मी गजाननला आत बोलावले.

"काय बोलून राह्यले काका? मी सोता तिच्या हातावर गोळी ठेवतो. माह्यासमोर गिळते."

"मंग डबी कोन भरते?"

"आई आनून देते मले. मी कायले झाकन उघडून पाहू?"

प्रश्न तिथेच सुटला. गजाननचे वडील माझे चुलतभाऊ. सविता मला मामाजी म्हणते आणि माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. सुनेची तसली डबी सासऱ्याच्या हाती जाणे आमच्या गावात कल्पनेपलीकडचे होते.

मी गजाननला सांगितले, "उद्या मी रजेवर हावो. सॅम्पल नर्सबाई घेतीन, त्याच पाहतीन. घरी सांगजो."

सविता दुसऱ्या दिवशी स्वतः आली. दवाखान्यातल्याच संडासात जाऊन तिने डबी नर्सबाईंना दिली.

"मामाजी नाईत ना वं आज?"

"नाईत वं माय, जाय निवांत."

मी भिंतीपलीकडे, लॅबचे दार आतून लावून बसलो होतो. सॅम्पल काळपट होते. पहिल्याच स्लाइडवर हुकवर्मची अंडी होती. मी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी बराच वेळ पाहिले. चष्म्याचा विषय निघाला नाही.

अकोल्याची सुई टळली. औषध झाले, आणि मग त्याच गोळ्यांनी रक्त चढू लागले. पुढच्या सोयाबीनच्या पेरणीला सविता शेतात होती, पायात बूट घालून.

माझ्या रजेची कथा गावभर झाली ती अशी. सुनेला अवघड वाटू नये म्हणून मी गप्प राहिलो. आता सविताच हे सगळे हसत सांगते. "मामाजी, तुमी दाराआड बसले व्हते म्हने!" म्हणून लिहिण्यास हरकत उरलेली नाही. सासूने तेव्हा तिला काय समजावले, हेही तिनेच सांगितले: "तुले लाज वाटते त राहू दे. मी देतो माह्यं. एकाच घरचं त खातो आपन."

लॅबमध्ये सॅम्पल तपासतात, डबीवरचे नाव तपासत नाहीत. पहिल्या दोन्ही डब्या पार्वतावहिनींच्या होत्या. जंत नाहीत, असा रिपोर्ट मी दिला.

पार्वतावहिनींना जंत नव्हते.