ऑगस्टचा हेरिंग

“काकू, कॅमेऱ्याने नव्वद टक्के मासे पास केलेत. तुम्ही अख्खा लॉट रिजेक्ट कसा करताय?”

“दाबून बघितला म्हणून. तुझा कॅमेरा दाबतो का?”

“सेकंदाला तीस फोटो काढतो तो!”

“लग्नातला फोटोग्राफरही काढतो. त्याला नवरीचा स्वभाव कळतो का?”

पीटरहेडच्या या मासळीच्या कारखान्यात नंदाकाकू सतरा वर्षं सरकत्या पट्ट्याशेजारी उभ्या आहेत. नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमागे रेवदंड्याहून स्कॉटलंडला आल्या. थंडीला मनसोक्त शिव्या घातल्या, मग बंदरावर माशांचा वास आला तेव्हा म्हणाल्या, “चला, कोणीतरी ओळखीचं भेटलं.” बोटीतून हेरिंग मासा उतरला की त्याचं पुढे काय करायचं ते काकू ठरवतात. चांगला असला तर पोलंडला कापायला, तिथून जर्मनीत व्हिनेगरच्या बरणीत. नाहीतर इथेच भुकटी, पाळलेल्या सॅमन माशांच्या खाद्यासाठी.

आज कॅमेऱ्याची चाचणी होती. केंब्रिजच्या कंपनीतला इंजिनिअर वरद तो घेऊन आला होता. चाचणी पास झाली, तर पट्ट्याशेजारी माणूस लागणार नव्हतं.

काकूंनी पट्टा थांबवून एक मासा उचलला. लखलखीत, डोळा स्वच्छ. पोटावर अंगठा टेकवला, तर ओल्या कागदासारखं पोट फाटलं. आतून लालसर लगदा आला.

“हे काय?”

“त्याचं जेवण. कॅमेऱ्याला शिकवलंस ते फोटो कधीचे रे?”

“जानेवारीचे. नॉर्वेत काढलेत. चाळीस हजार!”

“थंडीत हा उपाशी असतो. आत्ता ऑगस्टात नुसता हादडतो. भरल्या पोटी पकडला की आतूनच विरघळायला लागतो. पोलंडवाले खोका उघडतील तेव्हा सगळा चिखल.”

वरदने स्वतः पाच मासे दाबले. चार फाटले. त्याने ग्लोव्ह पुसले.

“ओके. लॉट रिजेक्ट.”

काकूंनी चिठ्ठीवर सही केली.

“काकू, हे मला सुचलंच नसतं,” तो हळूच म्हणाला. “तीन महिने माझ्याबरोबर बसाल? एकेक मासा दाबायचा आणि सांगायचं, हा मऊ, हा घट्ट. कॅमेरा शिकेल.”

“शिकेल?”

“हंड्रेड पर्सेंट.”

“आणि त्याचं शिकून झाल्यावर मी कुठे उभी राहू?”

उत्तराची वाट न बघता काकूंनी पट्टा पुन्हा सुरू केला आणि पुढच्या माशाच्या पोटावर अंगठा टेकवला. वरदने डोक्यावरची जाळी काढली, लॅपटॉप काखेत मारला आणि दार ढकलून धक्क्याकडे निघून गेला.