दारात मुरलेलं तेल

आमच्या घराला कुलूप नव्हतं. दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत मजुरांसाठी पत्र्याच्या चार खोल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. दार पत्र्याचंच. कुत्रं शिरू नये म्हणून बागेतल्या तारेचा एक आकडा अडकवायचा, झालं. चोरायला होतं काय? वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पाठीवर पंप घेऊन फवारणी करायचे. औषधाचा तो वास त्यांच्या अंगाला, अंथरुणाला, भाकरीलासुद्धा. आई दोनदा हात धुऊन थापायची, तरी घास तोंडात घेताना मला उमासे यायचे. मळमळत खायचं, कारण दुसरं नव्हतं.

तो पंपही मालकाचाच. पण अण्णा त्याला जपायचे. आठवड्याला खोलून धुवायचे, आणि खंडेनवमीला कुंकू लावून सांध्या-सांध्यात गोडेतेल सोडायचे. ‘हत्याराला तेल पाजलं का ते दगा देत नाय,’ म्हणायचे.

घरातली पहिली पदवी माझी. नोकरी मिळाली, नाशकात सातपूरला घर झालं, आठ वर्षांपूर्वी एक जुनी गाडी घेतली. ती मी मिरवली, खोटं कशाला बोलू?

यंदा उन्हाळ्यात त्या गाडीनं माझी लाज काढली. सिन्नरहून लग्न आटोपून निघालो होतो. औषधाच्या दुकानापाशी थांबले, किल्ली गाडीतच ठेवून उतरले, दार लोटलं. खट्. चारही दारं आतून बंद. अण्णा पुढच्या सीटवर, काचा वर, भर दुपारचं ऊन. ते खिडकीजवळचं बटण वर ओढत होते आणि ते पुन्हा खट् करून खाली बसत होतं. वर, खट्. वर, खट्.

पाच मिनिटांत माणसं गोळा. एकानं दगड आणला. दुसरा म्हणाला, “म्हाताऱ्याला कोंडून कुठं चालल्या होत्या ताई?” बाकीचे हसले. मला किळस आली, त्यांची आणि माझीही.

मी काचेवर हात आपटून ओरडले, “बटण वर धरून ठेवा. सोडू नका. दुसऱ्या हातानं दार उघडा.”

तिसऱ्या खेपेला जमलं. अण्णा घामानं निथळत बाहेर आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, “मी यष्टीनं येतो.”

आणि खरंच एसटीनं आले. त्यानंतर गाडीत बसेनात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांकडे खेपा चालू, आणि हा माणूस सत्तरी ओलांडून बसच्या दांड्याला लटकणार. गाडी दारात उभी. येणारे-जाणारे बघणार.

पहिल्या मेकॅनिकनं रिमोटचा सेल बदलला, एक फ्यूज बदलला, आणि झालं म्हणाला. चौकापर्यंत टिकलं. दुसरा पान चघळत दाराला न शिवताच म्हणाला, “सगळ्या मोटरी गेल्यात. पूर्ण सिस्टीम बदलावी लागेल.”

“दार न खोलता कसं कळलं?”

“अनुभव असतो मॅडम. साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो समजावून.”

साहेब कोणी नाहीत, गाडी माझी आहे, असं सांगून मी निघाले. त्याच्या पिचकारीवरून पाय टाकून जावं लागलं.

रविवारी सकाळी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि पाना-पेचकस घेऊन बसले. अण्णा ओट्यावरून बघत होते. एकेका दाराचं पॅनेल सैल करून लॉकच्या मोटरची वायर काढून पाहिली. तीन दारांनी काही फरक पडला नाही. ड्रायव्हरच्या दाराची वायर काढली आणि बाकीची दारं शहाण्यासारखी वागायला लागली. म्हणजे खोट याच दारात. इथलं लॉक पूर्ण वर जात नव्हतं, अर्ध्यात अडकत होतं. म्हणून गाडीला वाटायचं की बंदच करायचंय, आणि ती सगळ्यांना बंद करायची.

आतलं पॅनेल पुरतं ओढून काढलं आणि मागे सरकले. खवट वास. लॉकच्या यंत्रावर तपकिरी चिकटा, बोटभर. त्यात धूळ, झेंडूच्या पाकळ्या, मेलेल्या मुंग्या, झुरळाची अंडी. बोट लावलं तर पाकासारखी तार सुटली. खालच्या थराला लाल रंग होता. कुंकू.

तेव्हा कळलं.

“काय निघालं?” अण्णांनी विचारलं.

“तेल. तुमचं.”

ते उठून आले. बोटाला लावून वास घेतला. “खवाट झालं.”

“दर खंडेनवमीला तुम्ही किल्लीच्या भोकात ओतत होतात?”

“भोकात अन् काचेच्या फटीत. या दारालाच, हेच लय वापरात. पंपाला घालायचो, कधी अडला नाय.”

“पंप तुम्ही आठवड्याला खोलून धुवायचात, अण्णा. हे दार कोण धुणार होतं?”

“दार खोलता येतं हे तू कधी सांगितलं?”

आठ वर्षं मी पूजेला हात जोडून उभी राहिले आणि बाटली कुठे वाकते ते पाहिलं नाही. शिवाय ऑफिसात सांगून आले होते की जुन्या माणसांना यंत्रातलं कळत नाही. त्या चिकट्यापेक्षा त्या वाक्याची शिसारी आली.

मोटर सोडवून बाजूला ठेवली. रॉकेलमध्ये जुना दातांचा ब्रश बुडवून दोघांनी लॉक घासलं. अण्णांच्या बोटांना सांधे कळतात; मी चिंधी फिरवत होते तिथे ते काडीनं कोपरे काढत होते. पुसून, वाळवून, पांढरं ग्रीस नखाएवढंच लावलं. मोटर बसवली, वायर जोडली.

“बसा आता.”

“आधी तू बस. माझ्या जागी. काचा वर कर, किल्ली मला दे.”

बसले. त्यांनी बाहेरून किल्लीनं दारं लावली. आत भट्टी झालेली, रॉकेल आणि खवट तेलाचा वास नाकात. बटण वर केलं. ते वरच राहिलं. दार उघडलं.

“परत,” अण्णा म्हणाले.

सात वेळा करायला लावलं त्यांनी.

त्याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गाडीनं नेलं. चारही दारं एका किल्लीनं लागतात. अण्णा पुढे बसले, आणि दवाखान्यापाशी आपल्या हातानं दार उघडून उतरले.