हवालदारांची खंडेनवमी

नमस्कारापूर्वी हवालदार समोरच्याचा तळहात हाती घेऊन अंगठ्याने मापीत आणि त्याला कोणते पिस्तूल बसेल ते सांगून टाकीत. आयुष्यभर पूजेची पळी धरलेला माझा हातही त्यांनी सोडला नाही. “पंजा लहान, बोटं लांब. गुरुजी, तुमाला जर्मन बसंल.”

ते साताऱ्याकडचे. सैन्यात शस्त्रदुरुस्ती करून निवृत्त झालेले. दोह्यातील एका नेमबाजी क्लबाचे शस्त्रागार सांभाळीत आणि अल मुंतझा वस्तीत आमच्याच इमारतीत एकटे राहत. मी मुलाकडे आलेला म्हातारा. संध्याकाळच्या चहाला ते येत आणि आजकालच्या प्लास्टिकच्या अंगाच्या पिस्तुलांची पारख मला ऐकवीत.

“ऑस्ट्रियन म्हंजे गरीब गाय. सुटे भाग कमी, वाळूत लोळवा, चालंल. पर चाप अडवायला बाहेरून खिटी न्हाई, म्हून बोट शहाणं पायजे. जर्मनची मूठ हातापरमानं बदलता येती. अमेरिकन तर अख्खी कुडीच बदलतंय, आतलं लोखंडी यंत्र तेवढं तेच.”

“म्हणजे आत्मा तोच, देह नवा,” मी म्हणालो.

“तुमी बोलला की पिस्तूल बी सोवळ्यात जातंय,” ते हसून म्हणाले.

खंडेनवमीला मात्र ते हसत नसत. पलटणीत त्या दिवशी शस्त्रांची पूजा होई. इथे पिस्तूल बाहेर काढणे अशक्य. म्हणून ते साफसफाईचे ब्रश आणि सळया पिशवीतून घरी आणीत, पाटावर मांडून ओले कुंकू लावीत आणि डोळे मिटून उभे राहत. अवजारेही शस्त्रागाराबाहेर नेण्यास मनाई होती, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही.

गेल्या वर्षी पूजेच्या दुसऱ्याच दिवशी क्लबात पाहुण्यांसमोर एक पिस्तूल अडले. चाप ओढला, गोळी उडाली नाही. खोलून पाहिले, तर गोळीवर आघात करणाऱ्या पिनेची नळी, जी कोरडी ठेवावी लागते, तिच्यात तेलात कालवलेला लाल चिखल. व्यवस्थापक पुण्याचे. त्यांनी विचारले, “हे काय आहे?” रंग म्हटले असते तरी खपले असते. हवालदार म्हणाले, “कुंकू हाय, साहेब. ब्रश घरी नेला हुता.”

नोकरी त्याच दिवशी खलास झाली. साठी उलटलेल्याला दुसरा व्हिसा कोण देणार? मी व्यवस्थापकांना भेटलो. त्यांच्या टेबलावर गणपती होता, त्याला ताजे फूल होते. ते अदबीने म्हणाले, “गुरुजी, श्रद्धा घरी. इथे नियम म्हणजे नियम.” त्यांच्या नव्या गाडीपुढे आदल्या वर्षीच्या दसऱ्याला नारळ हवालदारांनीच फोडला होता. मुलाला शब्द टाकायला सांगितले, तर तो म्हणाला, “बाबा, प्लीज, आपण यात पडायचं नाही. आपलाही व्हिसा आहे.” ज्यांनी वर्षानुवर्षे हवालदारांच्या हातचा प्रसाद खाल्ला, त्या शेजाऱ्यांची दारे त्या आठवड्यात आतून बंद असत.

गावी निघताना हवालदार माझ्या पाया पडले. माझ्या मनात कडवटपणा दाटला होता, मी म्हणालो, “देवाने तुमच्या सेवेचे हे फळ द्यायला नको होते.”

ते चटकन ताठ झाले. “देवाला मधी आणू नगा, गुरुजी. पूजा बराबर हुती. पूजेनंतर ब्रश धुतला न्हाई, ती माजी चूक.”

देवाला इतके निर्दोष सोडणे मला अजून जमलेले नाही.