पूजेतला दोर

पर्वतीय युद्धाच्या प्रशिक्षण केंद्रात माझी बदली झाली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. कड्यावर चढण्या-उतरण्याचे प्रशिक्षण माझ्याकडे होते आणि दोरांचे कोठार नाईक दत्ताराम गवस याच्याकडे. सावंतवाडीकडचा माणूस, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. त्याच्या कोठारात शिरताना बूट बाहेर काढावे लागत. हा नियम अधिकाऱ्यांनाही होता. दोरावर बूट पडला की वाळू कवचातून आत शिरते आणि आतले धागे कापत राहते. बाहेरून काही दिसत नाही. नवे जवान यावर विश्वास ठेवत नसत. गवस मग एखाद्या जुन्या दोराचे कवच उसवून आतला भुगा त्यांच्या तळहातावर ठेवीत असे.

रोज पहाटे तो प्रत्येक दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून काढी. मऊ पडलेली जागा, फुगलेली जागा, कडक जागा. संशय आला की दोर कंडम. कंडम दोराची दोन्ही टोके तो लाल ऑइलपेंटने रंगवी आणि त्याच दिवशी कुऱ्हाडीने त्याचे हातभर तुकडे करी. रंगाची खूण फक्त कुऱ्हाड येईपर्यंतची. तुकडे केल्याशिवाय तो जेवायला जात नसे.

खंडेनवमीला आमच्या पलटणीतही शस्त्रपूजा होत असे. रायफल, एलएमजी, मॉर्टर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. दोरांना मात्र गवस काही लावू देत नसे. कुंकू कोठाराच्या चौकटीला. नव्याने आलेल्या सुभेदार मेजर साहेबांनी एकदा त्याला कारण विचारले. तो सावधान उभा राहून म्हणाला, "साहेब, दोराला हात लागावा आणि दगड लागावा. तिसरं काही लागता नये." साहेब चौकटीला नमस्कार करून पुढे गेले.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि मुलुंडला मुलाकडे राहू लागलो. गवस हवालदार म्हणून निवृत्त होऊन चारकोपला स्थायिक झाला. तिथल्याच एका हौशी गिर्यारोहण संस्थेने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले. संस्थेचे सामान औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात असे. या संस्थेविषयी मी जे लिहिणार आहे त्यात सौम्यपणा शोधू नये. आठवडाभर खुर्चीत बसलेली माणसे रविवारी डोंगरवीर होतात, याला माझी हरकत नाही. डोंगराला त्यांनी फोटोमागचा पडदा समजावे, याची मला किळस येते. कमरेला बांधायच्या हार्नेसचा पट्टा बकलमधून उलटा फिरवून घेतला नाही तर तो सुटतो, हे सांगताना अर्धे लोक मोबाइलमध्ये बघत असत, असे गवस मला सांगे. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येई. तक्रार करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, म्हणून ती तक्रार मी गांभीर्याने घेत असे.

पावसाळ्यात त्याने सांगितले की एक दोर कंडम केला आहे. गाळ्यात इन्व्हर्टर होता. त्याच्या बॅटरीचे पाणी जमिनीवर सांडले होते आणि दोराची पिशवी तिथेच टेकवून ठेवलेली होती. अ‍ॅसिडचा नुसता वास लागला तरी नायलॉन संशयास्पद होतो, आणि हा दोर तर भिजला होता. वाळल्यावर तो नव्यासारखा दिसत होता. गवसने दोन्ही टोके लाल रंगवली आणि कोयता मागितला. तेव्हा संस्थेचा सेक्रेटरी पराग आडवा आला. पराग तिशीचा, हसतमुख, सर्वांचा लाडका. "कापू नका ना, सर. बॅनर बांधायला चालेल."

चालेल. फौजेत दोराविषयी हा शब्द मी कधी ऐकला नाही. मुंबईत आल्यापासून दिवसातून वीस वेळा ऐकतो. लिफ्टचे दार लागत नाही, चालेल. सिलिंडरची नळी चिरली आहे, चालेल. मी गवसला म्हणालो की विचारू नकोस, काप. तो म्हणाला की माल त्यांचा आहे, पण दोर वेगळ्या गोणीत ठेवायचे परागकडून कबूल करून घेतले आहे.

दसऱ्याला गवस गावी गेला. इकडे गाळ्यात संस्थेने शस्त्रपूजा केली. चादर अंथरून त्यावर हेल्मेट, हार्नेस, कॅराबिनर म्हणजे उघडमीट होणाऱ्या कड्या, आणि झाडून सगळे दोर मांडले. गोणीतला दोरही पूजेला हवाच, म्हणून कोणीतरी तो काढला. प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना ओले कुंकू माखले. फोटो काढले. पूजा आटोपल्यावर सर्व दोर एकाच पिशवीत भरले. ते एकाच खरेदीतले, एकाच हिरव्या रंगाचे होते. फरक होता तो टोकांचा, आणि आता सगळ्यांचीच टोके लाल होती.

पुढच्या रविवारी मुलुंडच्या डोंगरामागच्या जुन्या दगडखाणीत त्यांचा रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याचा, कार्यक्रम होता. खाणीची भिंत साधारण शंभर फूट, सरळ, वरची कड धारदार. मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले होते, कारण छातीवर पदके लावलेला म्हातारा फोटोत बरा दिसतो. शाल आणि नारळ देऊन मला भिंतीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले. शेजारी स्पीकरवर गाणी चालू होती. मी ती दोनदा बंद करायला सांगितली. दोन्ही वेळा आवाज थोडा कमी झाला आणि पुन्हा वाढला.

गवस त्याच पहाटे गावाहून उतरून थेट आला होता. त्याने दोन दोर बोटांतून काढून तपासले, कुंकू ओल्या फडक्याने पुसले आणि पंचवीस वर्षांची सवय मोडली म्हणून परागला फैलावर घेतले. पराग हसून म्हणाला की पुढच्या वर्षी चौकटीला लावू. तपासलेला एक दोर उतरण्यासाठी लावला. दुसरा सुटकेसाठी कडेवर राखून ठेवला. कोणी मध्येच अडकला तर प्रशिक्षकाने त्या दुसऱ्या दोरावरून उतरून त्याच्यापर्यंत पोचायचे असते. तो दोर कड्यावर तयार नसेल तर कोणालाही खाली सोडू नये. शिकणाऱ्याने एवढे एक लक्षात ठेवले तरी पुरे.

गवस एका मुलाचा हार्नेस घट्ट करीत असताना प्रायोजकाचा बॅनर वाऱ्याने सुटला. परागने तो बांधायला हाताशी होता तो दोर घेतला. तो सुटकेचा दोर होता.

घाटकोपरची ऋतुजा नावाची कॉलेजातली मुलगी उतरायला उभी राहिली. गवसने तिचे केस हेल्मेटखाली बांधून दिले होते. कडेवर आल्यावर परागने व्हिडिओसाठी ते मोकळे सोडायला सांगितले. निम्म्या वाटेवर वाऱ्याने तिचे केस दोरासकट कमरेवरच्या उतरण्याच्या कडीत ओढले गेले. डोके कडीला टेकले आणि ती जागच्या जागी लटकली. दोर पकडून खाली उभ्या असलेल्या दोन मुलांनी ताण धरला, एवढे त्यांनी बरोबर केले. तिचे किंचाळणे मी गाण्यावरून ऐकले.

वर काय बोलणे झाले ते पुढे परागनेच सांगितले. गवसने सुटकेचा दोर मागितला. परागने पिशवीच्या तळाचा काढून दिला. गवसने टोक पाहिले, लाल होते. "हो खंयचो?" त्याने विचारले.

"आपलाच, सर. पूजेतला."

दोर बोटांतून काढायला त्याला वेळ नव्हता. डोके असे ओढलेल्या स्थितीत माणूस फार वेळ टिकत नाही. त्याने दोर झाडाला बांधला, खाली फेकला आणि उतरू लागला. खालचे टोक माझ्या खुर्चीपुढे पडले.

मी ते उचलले. कुंकू बोटाला लागले. खालचा लाल रंग लागला नाही. नखाने खरवडला, पापुद्रा निघाला. ऑइलपेंट.

खाली एक वॉकीटॉकी होती. मी ती उचलली.

"टॉप, बेस बोलतोय. दोर कंडम आहे. गवसला थांबव."

"काका, टेन्शन नका घेऊ. पूजेतला आहे तो," पराग वरून म्हणाला.

मी सेट टाकला आणि स्पीकरची वायर उपटली. वर ओरडलो, "दत्ताराम, दोर कंडम आहे."

तो तोवर मुलीच्या शेजारी पोचला होता. त्याने एकदा खाली माझ्याकडे पाहिले, एकदा वर कडेकडे.

"कळला, साहेब."

त्याच्या कमरेला प्रुसिकचा एकच लूप होता. हा पातळ दोरीचा फास मुख्य दोरावर गुंडाळला की भार पडताच घट्ट आवळतो. मुलीचा दोर चांगला होता. गवसने तो लूप तिच्या दोरावर घालून स्वतःला त्यात अडकवले असते, तर तो वाचला असता. पण मुलीला कडीवरून भार काढायला पाय ठेवण्याची जागा हवी होती, आणि त्यासाठीही लूपच लागत होता. त्याने तो तिच्या डोक्यावर, तिच्या दोरावर आवळला, त्यात लांब पट्टी अडकवली आणि तिचा पाय पट्टीत ठेवला.

आता खाण शांत होती, म्हणून त्याचे बोलणे खालपर्यंत आले.

"माका बघ, गो. वर बघू नको. पायार उभी रव."

"केस..."

"केस परत येतले. तू उभी रव."

ती उभी राहिली. भार सुटला. त्याने चाकूने केस कापले, कडी मोकळी केली, तिचा पाय पट्टीतून सोडवला आणि खालच्या मुलांना हळू सोडायला सांगितले. ती खाली आली. मी तिला धरले तेव्हा तिच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता.

लूप आता रिकामा होता, त्याच्यापासून हातभर दूर. गवसने कॅराबिनर उघडला आणि लुपाकडे झुकला. झुकताना त्याचा दोर वरच्या धारेवर बाजूला सरकला आणि तुटला.

सुमारे पन्नास फूट. मी पोचलो तेव्हा काही करण्यासारखे राहिले नव्हते. मागे वळलो तर चार मोबाइल वर धरलेले होते. मी हातातल्या काठीने दोन खाली पाडले. त्याबद्दल मला खेद नाही.

तुटलेल्या टोकाचे धागे पिवळे पडले होते आणि चिमटीत भुकटी होत होते.

आठ दिवसांनी शोकसभा झाली. मंचावर गवसचा गणवेशातला फोटो होता आणि फ्लेक्सवर त्याच्या नावाआधी 'शहीद' हा शब्द. पराग रडत होता; ते रडणे खोटे नसावे. तो मला म्हणाला, "आम्ही पूजा केली होती, काका. तरी असं कसं झालं?" त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. किळस आली. याच्या हाती आणखी माणसे दोराला लटकणार होती.

मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हणालो की गवस शत्रूच्या गोळीने गेलेला नाही, आणि देवाच्या इच्छेनेही नाही. बॅनरला राखलेल्या दोराने गेला. कोणीतरी पुढच्या रांगेतून हळूच म्हणाले की आज नको, काका. मी म्हणालो की आजच, आणि तो शब्द फ्लेक्सवरून काढा. काढला नाही. मी निघून आलो.

तिथून चारकोपला गवसच्या घरी गेलो. त्याची पत्नी भिंतीला टेकून बसली होती. पोलिसांनी आणि शेजाऱ्यांनी तिला सगळे सांगून झाले होते. तिने मला पाणी दिले आणि एकच गोष्ट विचारली.

"भाऊजी, तेंका कळला होता? दोर तोच म्हणान?"

"हो, वहिनी. मी ओरडून सांगितलं. त्याने ऐकलं."

"मग आधी स्वतः कित्याक नाय अडकले?"

"मुलगी लटकत होती."

तिने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला.

"हां," ती म्हणाली. "मग ते आधी स्वतः अडकूचेच नाय होते."