एकाच वहीतली चूक

ज्याच्याशी आपलं नातं लागत नाही असा एकही सजीव माझ्या धाकट्या जावेच्या वडिलांना चंद्रपूर-गडचिरोलीत अजून भेटलेला नाही. माणसं सोडाच, वानर, बकरी, मोहाचं झाड, विरजणातले जंतू, सगळे त्यांच्या गोतावळ्यात. जिवतीकडच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर ते आमच्या कोरपन्याला लेकीजवळ राहायला आले. गाव त्यांना भाऊ म्हणतं.

मी यादीवाली बाई. पुतण्याच्या बारशाला मी साठ नावांची नीट यादी केली आणि नजर टाकायला म्हणून भाऊंकडे दिली. परत आली ती एकशे दहा नावांची. "ही कोण?" मी एका नावावर बोट ठेवलं. "तुमच्या सासूच्या मावशीची नणंद. तिले सोडता काऊन?" ती नणंद आली, दोनदा जेवली आणि जाताना मलाच विचारून गेली, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

वानरांनी गच्चीवरच्या कुरडया पळवल्या, त्या दिवशी मी काठी घेऊन धावले, तर भाऊ खालून ओरडले, "हळू बाई, घरचेच हायेत!" मग पायरीवर बसवून शिकवणी. बकरी आपलं 'क' जीवनसत्त्व अंगातच तयार करते. माणसाला आणि वानराला ते जमत नाही, कारण दोघांच्या पेशीत ते बनवायची कृतीच बिघडलेली आहे, आणि सारखीच बिघडलेली आहे. "दोन पोट्ट्यांचं उत्तर सारखं बरोबर आलं तर काई सिद्ध होत नाई. चूक सारखी आली, तर समजायचं, एकाच वहीतून उतरवलं."

"मग त्या वहीवाल्याला म्हणावं, माझ्या कुरडया भरून दे," मी म्हटलं.

या माणसाची मी बरीच वर्षं थट्टाच केली. मग माझी मुलगी अकरा वर्षांची झाली आणि तिचे हातपाय दुखायला लागले. थंडीत जास्त. वाताचं तेल झालं, हिवतापाच्या गोळ्या झाल्या. शाळा बुडवायचं नाटक म्हणून मी तिला रागावलेही. ते अजून बोचतं. एका सकाळी भाऊंनी तिचे पिवळट डोळे निरखून पाहिले आणि माझ्या सासरमाहेरची लहानपणीच गेलेली मुलं विचारायला लागले.

"भाऊ, पोरगी कण्हतेय आणि तुम्हाला गोतावळा सुचतोय?"

"तिच्याचसाठी इचारून राह्यलो."

सासरी दोन निघाली, माहेरी एक. भाऊ म्हणाले, सिकलसेलची तपासणी करा, तो आईबापाकडून रक्तात उतरणारा आजार आहे. मी म्हटलं, तो जंगलातल्या लोकांचा आजार, आमच्यात नसतो. "रगताले घराणं समजत नाई बाई," एवढंच बोलून ते रिक्षा आणायला गेले.

मुलीला सिकलसेलच निघाला. आम्ही नवराबायको दोघंही वाहक, आणि दोघांनाही पत्ता नाही. दवाखान्याच्या बाकावर शेजारी जिवतीच्या डोंगरातली एक गोंड बाई बसली होती, तिच्या लेकीलाही तेच. भाऊंनी दोघींचे कागद मांडीवर ठेवले. "हिच्या पोरीची चूक अन् तुमच्या पोरीची चूक सारखीच. एकाच वहीतली. बहिणी झाल्या तुम्ही."

ती बाई हसली. "मंग बहिणीले चहा तरी पाज ना वो!"

मी चहा आणायला उठले ते बरं झालं. 'आमच्यात नसतं' म्हणालेलं तोंड कुठंतरी लपवायचंच होतं. आता तपासणीच्या आदल्या दिवशी त्या मायलेकी आमच्याकडेच उतरतात.

रोजची गोळी, भरपूर पाणी, थंडीत गरम कपडे, ताप आला की थेट दवाखाना: ही यादी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेली आहे. मुलगी कॉलेजात जाते. दुखणं गेलेलं नाही, पण त्याचं नाव ठाऊक आहे, आणि ते भाऊंमुळे.

सत्तरी ओलांडलेला हा माणूस माझ्या मुलीला 'ताई' म्हणतो. मला तो नुसता लाड वाटायचा. मागच्या हिवाळ्यात जावेनं सांगितलं, भाऊंना एक मोठी बहीण होती. हातपाय दुखतात म्हणून रात्रंदिवस रडायची. बारा वर्षांची असताना गेली. तेव्हा कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं.

यंदा वाढदिवसाला भाऊ आले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "एकोणीस झाले ना ताई तुले?"

"हो भाऊ."

"एकोणीस," ते पुन्हा म्हणाले, आणि हात बराच वेळ तिथंच राहिला.