कवडू मेश्रामच्या गिटारीचे दोन बोल्ट

लकडगंजात आरा मशीनच्या मागं कवडू मेश्रामचं टिनाचं दुकान होतं. दारं, खिडक्या, पलंग ही पोटापाण्याची कामं. पण शहरातले ऑर्केस्ट्रावाले त्याला ओळखत ते गिटारींसाठी. कामठीच्या छावणीतल्या कुण्या साहेबाची फुटकी विलायती गिटार एकदा दुरुस्तीला आली. कवडूनं ती सुटी करून आतून-बाहेरून पाहिली, आणि तेव्हापासून स्वतःच घडवू लागला. पेटी जुन्या सागाची, दांडी शिवणीच्या लाकडाची. १९७५ पर्यंत अकरा गिटारी झाल्या होत्या.

त्या वर्षीच्या मे महिन्यात शामला आली. ती शाळेत गाणं शिकवायची, रविवारी ऑर्केस्ट्रात वाजवायची. कवडूची सातवी गिटार तिच्याकडे होती. तिनं ती बाकावर ठेवली आणि डाव्या हाताची बोटं पुढं केली. टोकं सोलून निघाली होती.

"कवडूभाऊ, तारा किती वर आल्या पाहा. दाबता दाबता जीव जाऊन राहिला माझा."

कवडूनं एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली. दांडी पुढं झुकली होती. पोलादी तारा सहाच, पण सगळ्यांचा मिळून ताण पाऊण क्विंटलाचा. दांडीचं टोक त्यानं विलायती गिटारीत पाहिलं तसंच घडवलेलं होतं : पाचरीसारखं, आत पसरत जाणारं, आणि पेटीच्या खाचेत सरस लावून ठोकून बसवलेलं. नागपूरच्या उन्हानं लाकूड आकसलं आणि सांधा ढिला पडला.

सांधा उघडायला दोन दिवस वाफ द्यावी लागली, आणि त्यात पेटीची वरची फळी तडकली. कवडूला स्वतःचाच राग आला. शामलाला त्यानं नवी फळी घालून दिली, पण सांध्याचा विचार डोक्यातून जाईना.

छावणीला तो पलंग करून द्यायचा. शिपायांची बदली झाली की पलंग सुटे होऊन ट्रकमध्ये जात, म्हणून त्यांच्या पाट्या बोल्टनं कसलेल्या असत. तेच त्यानं गिटारीत करायचं ठरवलं. दांडीचं टोक सरळ चौकोनी, पेटीच्या आतून दोन बोल्ट, सरस नाही.

शेजारी भैय्याजी सतारी दुरुस्त करायचे. ते तोंडावरच हसले. "वाद्य हाय का खाट? लोखंड घुसवलं तं आवाज मरते, गा."

कवडूनं परीक्षाच घ्यायचं ठरवलं. त्यानं एकाच ओंडक्यातून दोन गिटारी केल्या, एक पाचरीची, एक बोल्टची. शामलाला वाजवायला बोलावलं, आणि तो व भैय्याजी तिच्याकडं पाठ करून बसले. तिनं एकच सूर दोन्हींवर वाजवला, मग एक गाणं.

भैय्याजी प्रामाणिक माणूस. "मले तं दोन्ही सारख्याच वाटल्या," ते म्हणाले. "हरलो म्या."

"नाही भैय्याजी," कवडू म्हणाला. "पहिली जराशी गोड हाय. अन् थे पाचरीचीच असन."

शामलानं मान डोलावली. पहिली पाचरीचीच होती.

कवडूनं निवाडा तिथं केला नाही. पुढच्या मे महिन्यात दोन्ही गिटारींच्या तारा ताणून त्यानं त्या दुकानाच्या टिनाखाली टांगल्या, जिथं दुपारी माणसालाही उभं राहवत नसे. तीन आठवड्यांनी पाहिलं तर दोन्हींच्या तारा वर आलेल्या. बोल्टवालीसुद्धा हलली होती. पण तिचे बोल्ट त्यानं सैल केले, रंध्यानं तासलेली सागाची पातळ पट्टी सांध्यात सरकवली, पुन्हा कसले. पाव तासात दांडी सरळ. दुसरीला परत वाफच द्यावी लागणार होती.

"इथं लाकूड हलनारच," तो भैय्याजींना म्हणाला. "हलल्यावर कोनालेही सुधारता आलं पाहिजे. मी नसलो तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं दहा पोस्टकार्डं आणली. शामला गावातच होती, आधीच्या बाकी सगळ्यांना लिहायचं होतं : सांध्यात दोष आहे, गिटार आणा, बदलून देतो. बायको रुख्मिणीनं त्याला हटकलं.

"कोनी काही म्हनून नाही राहिलं, अन् तुम्ही काहून आपल्याच कामाले नावं ठेवता?"

"शामलाताईची बोटं सोलली वं. बाकीच्यांची सोलाची वाट पाहू का?"

आठ गिटारी आल्या. दोघांनी उत्तर दिलं नाही, तर हत्यारांची पिशवी घेऊन कवडू स्वतः वर्ध्याला आणि गोंदियाला जाऊन आला. प्रत्येकाला गिटारीबरोबर एक पाना दिला आणि बोल्ट कसे खोलायचे त्याचं चित्र काढून दिलं. भैय्याजींनी हे पाहिलं आणि त्यानंतर गिटार घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते स्वतःच कवडूच्या दारात आणून सोडू लागले.

१९८४ साली कवडूची गिटार घेतलेल्या, गडचिरोलीकडच्या कृष्णकांत नावाच्या मास्तरांचं पत्र आलं. गिटारीची दांडी झुकली होती, पण गावातल्या सायकलवाल्यानं चित्र पाहून बोल्ट खोलले, आत पुठ्ठा घातला, आता उत्तम वाजते. नागपूरला यायची गरज पडली नाही. रुख्मिणीनं पत्र मोठ्यानं वाचलं. कवडूनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग एकदम म्हणाला,

"पुठ्ठा? पुठ्ठा दबते ना! कार्ड आन वं, लिहून टाक त्याले, सागाची पट्टी टाक म्हना."